जाईचा आवाज

चेलना कांकरियाने आयुष्यात भुताखेताचा एकही गेम खेळला नव्हता. अंधाराची भीती तिला लहानपणापासूनची. धुळ्याला माहेरी जिन्यातला दिवा गेला, की ती खालच्या पायरीवरूनच मम्मीला हाका मारत उभी राहायची. आणि गंमत अशी, की ‘काळोखगड’ नावाचा जो गेम पोरं गेली बारा वर्षं जीव मुठीत धरून खेळत होती, त्यात त्यांना धीर देणारा आवाज तिचाच होता.

गेम पुण्याच्या एका कंपनीचा. खेळणारा एका पडक्या गडात अडकलेला असतो, हातात विझत आलेला कंदील, आणि सोबतीला फक्त एका न दिसणाऱ्या मुलीचा आवाज. तिचं नाव जाई. ‘थांब. डावीकडे नको. तिथे कोणीतरी श्वास घेतंय.’ जाई असं कानात बोलली की खेळणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. पहिले दोन भाग चेलनाने कॉलेजात असताना घरीच, गाद्या-रजयांच्या कपाटात बसून, उसन्या माइकवर रेकॉर्ड केले होते. पुढे स्टुडिओ आले. लग्न होऊन ती जळगावला आली, दाणा बाजारात डाळीचं दुकान असलेल्या लखीचंद कांकरियांची सून झाली. तरी गेमचे भाग निघत राहिले आणि जाई बोलत राहिली. असे सहा भाग झाले.

चाहत्यांचं प्रेम म्हणजे वेड होतं. दुसऱ्या भागात एके ठिकाणी जाई म्हणते, ‘आता अगदी शांत राहा,’ आणि मागे लांबवर एक शिट्टी वाजते. कंपनीने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पोरांनी त्या शिट्टीवर तासतासभराचे व्हिडिओ केले. कोणी म्हणे ती गडाखाली गाडल्या गेलेल्या आगगाडीची, कोणी म्हणे जाईच्या मेलेल्या भावाची खूण. सातव्या भागात शिट्टीचा उलगडा होणार, जाई पहिल्यांदा डोळ्यांना दिसणार, अशी सगळ्यांची खात्रीच होऊन बसली होती. चेलनाला यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. ती आपले संवाद म्हणून मोकळी व्हायची.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली.

नाशिकला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, रिपोर्ट स्वच्छ आला. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटून बसली होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, नस दुखावेल, आणि ती दुखावली. शुद्धीवर आल्यावर चेलनाने पाणी मागितलं, तेव्हा खोलीत दुसरंच कोणीतरी बोलल्यासारखं तिला वाटलं. फरशीवरून पत्रा ओढावा तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे बोलू नका, मग बघू. थोडा परत येईल, नाहीतर नाही येणार.

तिने पुण्याला कळवलं, मला जमणार नाही. आणि माझं आजारपण कुठे सांगू नका. कंपनीने शब्द पाळला.

मम्मीलाही सांगितलं नाही. कुसुमलताबाई धुळ्याला एकट्याच राहायच्या. चेलनाचे वडील जिनेशभाई घशाच्या कॅन्सरने गेले होते. आधी त्यांचा आवाज गेला, मग ते गेले. मुलीच्या गळ्याचं नाव जरी काढलं असतं तरी त्या माउलीने अंथरूण धरलं असतं. संयम, चेलनाचा नवरा, म्हणाला, “चातुर्मास चालूच आहे. तू मौन घेतलंयस म्हणून सांगू. आवाज थोडा सुधारला की तूच बोल.” पटलं. मम्मीला तर अभिमानच वाटला. जैन स्थानकात येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत सुटल्या, माझ्या चेलूने मौन धरलंय. मायलेकी मेसेजवर बोलू लागल्या.

अशात सातव्या भागाची झलक आली आणि त्यात जाई कुणा दुसऱ्याच मुलीच्या आवाजात बोलली.

चाहते पिसाळले. ‘जाई नाही तर गड नाही’ असं जो तो लिहू लागला. त्या नव्या मुलीला इतक्या शिव्या पडल्या, की तिने आपली खाती बंद केली. चेलनाला हजारो मेसेज आले. आधी हळहळीचे, मग हट्टाचे. ‘ताई, तुम्ही गप्प का?’ ‘कंपनीने किती दिले गप्प बसायला?’ ‘बारा वर्षं दिली आम्ही तुम्हाला, तुम्ही एक वाक्य नाही देऊ शकत?’ कोणीतरी दाणा बाजारातल्या दुकानाचा फोटो टाकला. मग दुकानाचा फोन वाजू लागला. लखीचंद गल्ल्यावर बसून वैतागत म्हणायचे, “अरे बाबा, इथे तूरडाळ मिळते, मूगडाळ मिळते. जाई मिळत नाही.” घरात सगळे हसायचे. चेलना हसायची नाही. दुकानाच्या फोटोत कोपऱ्यात त्यांच्या घराचं फाटक दिसत होतं.

खरी धडकी भरली ती एका छोट्या क्लिपने. सकाळी चहा घेताना तिच्या मोबाइलवर ती आली. काळा पडदा, आणि तिचा आवाज. ऑपरेशनआधीचा, गोड, भरीव आवाज: ‘मी जाई. मी कुठेही गेलेले नाही. मी परत येतेय.’

हे ती कधी बोललीच नव्हती.

तिने क्लिप पुन्हा लावली. शब्द तिचे नव्हते, पण ‘येतेय’ म्हणतानाची ती लकब, शेवटी किंचित खाली येणारा सूर, सगळं तिचं होतं. खाली लोक आनंदाने नाचत होते. तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवर मशीन शिकवून कोणीतरी हा आवाज घडवला होता. आता तो कोणाच्याही तोंडी घालता येत होता. चेलनाचा हात गळ्यावरच्या टाक्यांकडे गेला. आपल्या गळ्यातून काहीतरी काढून नेलंय आणि ते आता रस्त्याने मोकळं हिंडतंय, असं तिला वाटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारच्या जेवणाची तयारी चालली असताना, मम्मीचा मेसेज आला.

‘फोन दुरुस्तीहून आला की वाचशील. तुझा मित्र आलाय गं. चांगला आहे पोरगा. तुझ्या कपाटातली ती हार्डडिस्क शोधतोय. जेवूनच जा म्हटलं. आणि बाई, मौन सोडून आज फोनवर बोललीस, ते मला आई म्हणालीस. मौनाने किती फरक पडला तुझ्यात. बरं वाटलं.’

चेलनाने मेसेज पुन्हा वाचला. तिने जन्मात कुसुमलताबाईंना आई म्हटलं नव्हतं. ती मम्मी म्हणायची.

मागे एका मुलाखतीत ती सहज बोलून गेली होती, माझी पहिली सगळी रेकॉर्डिंगं अजून धुळ्याच्या घरी पडून आहेत. कोणीतरी ते ऐकलं होतं. समाजाच्या डिरेक्टरीत मम्मीचा नंबर आणि पत्ता होताच. आणि कोणीतरी चेलनाच्या आवाजात मम्मीला फोन करून सांगितलं होतं, माझा मित्र येतोय, त्याला आत घे.

तिने फोन लावला. ‘बोलू नका’ हे डॉक्टरांचं सांगणं त्या क्षणी तिला आठवलंही नाही.

“मम्मी, मी चेलना—”

“कोण?”

“मी, चेलू. तो माणूस घरात—”

“अहो बाई, माझ्या चेलूचा फोन दुरुस्तीला गेलाय. सकाळीच दुसऱ्या नंबरवरून बोलली ती माझ्याशी. तिचा फोन तुमच्या हातात कसा? लाज नाही वाटत? रोज सांगतात, असल्या फोनला बळी पडू नका म्हणून.”

फोन कट झाला.

चेलना स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. जन्मदात्या आईने तिचा आवाज ओळखला नव्हता, आणि ज्याने घडवलेला खोटा आवाज ओळखला होता तो मम्मीच्या घरात बसला होता. तिने मेसेज केला, ‘मम्मी, तो माझा मित्र नाही. लगेच शेजारी जा.’ मेसेज वाचल्याची खूण आली. मग उत्तर आलं.

‘जाईताई, रागावू नका. काकूंचा फोन माझ्याकडे आहे, स्लो झाला म्हणून आत्ताच बघायला घेतला. त्या स्वयंपाक करताहेत. मी त्यांना काही करणार नाही.’

काही करणार नाही. हे लिहायची गरज का पडावी?

ती धावत खाली दुकानात गेली. गिऱ्हाइकांदेखत सासऱ्यांच्या हातात मोबाइल दिला. लखीचंदांनी चष्मा सावरत मेसेज वाचले, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मुनिमाला म्हणाले, “दुकान सांभाळ.” त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि चालू लागले.

बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी पोलिसांना कळवलं होतं. संयम नरडाण्याला त्यांच्या नव्या डाळमिलमध्ये होता. तिथून धुळं जवळ. पण मिलच्या आवाजात त्याला फोन ऐकूच येईना. पाळधी मागे पडलं. लखीचंद एरवी गाडी बैलगाडीसारखी चालवायचे, आज ट्रकांना मागे टाकत होते. पाळधीच्या पुढे कुठेतरी संयमने एकदाचा फोन उचलला. लखीचंद एवढंच म्हणाले, “सासूबाईंच्या घरी पोच. आत्ताच्या आत्ता.”

चेलनाने पुन्हा मम्मीचा नंबर लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

“जाईताई?” तरुण पुरुषाचा आवाज. उतावळा, आतून फुटलेला.

“मम्मीला फोन दे.”

“तुम्ही कोण? ताईंना द्या.”

“मीच आहे.”

“नाही.” तो एकदम थंड झाला. “जाईचा आवाज मी सहावीपासून ऐकतोय. रोज रात्री तोच ऐकत झोपतो. तुम्ही कंपनीच्या आहात ना? मला वाटलंच होतं. त्यांना बोलू देत नाहीये तुम्ही. कुठे ठेवलंय त्यांना?”

हा चोर असता तर परवडला असता. चोराला काय हवंय ते आपल्याला तरी कळतं.

“हे बघ, नाव काय तुझं?”

“हेमराज. हेमराज चौधरी, फैजपूर. मी लपवत नाही काही. मला हार्डडिस्क मिळाली आहे. आम्ही सातव्या भागात जाईचा खरा आवाज बसवणार. कंपनी नाही करत, तर आम्ही करू. पण आता तुमचा आवाज ऐकल्यावर नुसतं ते पुरत नाही. ताई स्वतः माझ्याशी बोलत नाहीत तोवर मी इथून हलणार नाही.”

“मी बोलतेय तुझ्याशी.”

“मग सांगा. तिसऱ्या भागात जाई विहिरीपाशी काय म्हणते?”

चेलनाला आठवेना. किती वाक्यं बोलली होती ती, हजारो असतील.

“आठवत नाही.”

“पाचव्या भागात ती पहिल्यांदा खोटं बोलते, ते कुठे?”

“हेमराज, मी गेम खेळलेली नाही. मला भीती वाटते. मी फक्त कागदावरचं वाचायची.”

“खोटं!” तो एवढ्या जोरात ओरडला, की लखीचंदांनी मान वळवून पाहिलं. मागून मम्मीचा आवाज आला, “काय झालं रे बेटा?” आणि हेमराज पडत्या सुरात म्हणाला, “काही नाही काकू.” मग पुन्हा फोनमध्ये, दातांतून: “जाई असं कधीच म्हणणार नाही. एक शेवटचं विचारतो. ती शिट्टी. दुसऱ्या भागातली. तिचा अर्थ काय? जाई असाल तर हे तरी सांगाल.”

चेलनाचा घसा आता भाजत होता. शब्दागणिक आत काहीतरी सोलवटत होतं. कुठली शिट्टी, हे तिला खरोखर माहीत नव्हतं. काहीतरी रचून सांगावं का? चुकलं तर हा काय करेल? मम्मी गॅससमोर उभी असेल, पाठ त्याच्याकडे. तिने डोळे मिटले.

तेवढ्यात फोनमध्ये, लांबवर, कुकरची शिट्टी झाली. साधी नव्हे. आधी फुसफुस, मग मध्येच अडकल्यासारखी, आणि मग एकदम लांब, वर चढत गेलेली. मम्मीचा तो कुकर चेलनाच्या जन्माआधीचा होता. त्याची ती खोड कुठल्याच रिपेरवाल्याला काढता आली नव्हती.

फोनमधला श्वास थांबला.

चेलनाला त्याच क्षणी उमगलं. “हेमराज,” ती हळू म्हणाली, “दुसरा भाग मी त्याच घरात रेकॉर्ड केला. आतल्या खोलीतल्या रजयांच्या कपाटात बसून. दुपारची वेळ होती. मम्मीने डाळ लावली असणार.”

पुन्हा शिट्टी झाली. तशीच.

“ताई,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता, आणि बोली गावाकडे वळली होती. “तुमच्या आवाजाले काय झालं?”

“ऑपरेशन झालं. गेला तो.”

“परत नाही येणार?”

“माहीत नाही. बहुतेक नाही.”

“म्हणजे जाई…” त्याने वाक्य पुरं केलं नाही. काहीतरी जोरात जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. फोन बंद पडला.

त्यानंतरचा रस्ता चेलना कधीच विसरणार नाही. नंबर लावला की ‘बंद आहे’ एवढंच ऐकू येई. ज्याचं सगळं जग एका क्षणात खोटं ठरलंय, असा माणूस तिच्या आईजवळ होता, आणि ते खोटं ठरवणारी ती स्वतः होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. लखीचंद मध्येच नवकार मंत्र पुटपुटत होते. मुकटीच्या आसपास संयमचा फोन आला.

“चेलना, मी घरी पोचलोय. पोलीसही आलेत. दाराला बाहेरून कुलूप आहे.”

“आत? आत बघ!”

“खिडकीतून पाहिलं, कोणी नाही. थांब, बेबाबाई आहे इथे, तिला देतो.”

बेबाबाई म्हणजे मम्मीकडे धुण्याभांड्याला येणारी. ती घाबरून अहिराणीत बोलू लागली, “ताई, माय त्या पोऱ्यासंगे गाडीमा बसीसन गई! पांढरी गाडी शे. मी इचारं तर बोलनी, घाईमा शे.”

लखीचंदांनी गाडी कडेला घेतली. समोरून जळगावच्या दिशेने गाड्या सुसाट जात होत्या. त्यांत पांढऱ्या किती! प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेत चेलना डोळे फाडून बघत होती. कोणत्या रस्त्याने नेलं असेल? का नेलं असेल? आपला आवाज गेला, त्याच्या बदल्यात हा आईला घेऊन गेला, असला काहीतरी वेडावाकडा हिशेब तिच्या डोक्यात घुमू लागला. तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली.

मोबाइल वाजला. पडद्यावर ‘मम्मी’.

तिने उचलून कानाला लावला.

“चेलू? अगं चेलू, ऐकतेस ना? मी पारोळ्याच्या पुढे आहे, पेट्रोल पंपावर.”

आवाज मम्मीचाच होता. पण सकाळी मम्मीलाही असंच वाटलं होतं. मशीनला चेलना येते, तर कुसुमलता का येऊ नये? चेलना घोगरेपणाने म्हणाली, “तू कोण बोलतेस?”

“कोण म्हणजे?”

“पप्पा तुला घरात काय म्हणायचे? सांग आधी.”

पलीकडे जो भडका उडाला, तो कुठल्याही मशीनच्या बापाला जमला नसता. “तू माझी परीक्षा घेणार? तू? मला मौन सांगितलंस! अख्ख्या स्थानकात मला नाचवलंस! माझ्या मुलीचा गळा कापला, आणि मला ते कोण सांगतं, तर फैजपूरचा एक अनोळखी पोरगा? थांब, येते जळगावला, मग सांगते पप्पा काय म्हणायचे ते!”

चेलना रडू लागली. लखीचंदांनी गाडी वळवली.

पंपावर हवा भरायच्या यंत्राशेजारी कुसुमलताबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काही अंतरावर गाडीला टेकून पंचविशीतला एक सडपातळ तरुण उभा होता. चेलनाने कल्पनेत त्याला किती मोठा, किती दांडगा केला होता! लखीचंद त्याच्या आणि चेलनाच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

मम्मी उठल्या नाहीत. चेलना जवळ गेली तसा त्यांनी तिचा दुपट्टा बाजूला केला आणि गळ्यावरची ताजी लाल रेघ पाहिली.

“बोल,” त्या म्हणाल्या.

चेलनाने मान हलवली.

“बोल म्हणते ना!”

“मम्मी.”

कुसुमलताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इतका वेळ रागाने धरून ठेवलेलं सगळं एकदम ओघळलं. “असाच,” त्या पुटपुटल्या, “असाच झाला होता त्यांचा. अगदी असाच.” त्यांनी चेलनाचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. चेलना सांगत होती, रिपोर्ट स्वच्छ आहे, ते नाही, तसलं काही नाही. पण त्या आवाजात सांगितलेलं त्यांना खरंच वाटेना. शेवटी लखीचंद पुढे आले. विहिणीशी ते कधी चार शब्दांपलीकडे बोलत नसत. “विहीणबाई, रिपोर्ट मी स्वतः डॉक्टरांकडून वाचून घेतलाय. नवकाराची शपथ.” तेव्हा कुठे त्यांनी मनगट सोडलं.

फोन बंद झाल्यावर काय झालं, ते मम्मीने नंतर गाडीत सांगितलं. आपटला होता तो मोबाइलच. हेमराजच्या हातातून गळून पडला. मम्मी धावत बाहेर आल्या, तर तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्यांना वाटलं, याच्या घरी कोणी गेलं. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि विचारता विचारता सगळं बाहेर आलं: आवाज, खोटा फोन, ऑपरेशन. “मला भीती वाटायला हवी होती ना?” मम्मी म्हणाल्या. “पण त्याची नाही वाटली. तुझीच वाटली. म्हटलं, तुझ्याजवळ गाडी आहे ना, चल मग, मला मुलीकडे पोचव.” आपटल्यावर मोबाइल सुरूच होईना. पंपावर तो कसाबसा चालू झाला.

संयम पोलिसांसह आला, तेव्हा हेमराज पळाला नाही. संयमने त्याची कॉलर धरली. मम्मीने ती सोडवली, पण तक्रार मागे घ्या असं काही त्या म्हणाल्या नाहीत. “केलंय ते केलंय,” एवढंच म्हणाल्या. हेमराजने हार्डडिस्क चेलनापुढे धरली. तिने ती घेतली नाही, लखीचंदांनी घेतली. त्याच्या जवळ जायला तिचे पाय अजून तयार नव्हते.

“तो आवाज,” तिने लांबूनच विचारलं, “आणखी कोणाकडे आहे?”

हेमराजने मान खाली घातली. “ग्रुपमध्ये टाकला होता, ताई. सगळ्यांकडे आहे. आता कोणाकोणाकडे गेला, मले सांगता येणार नाही.”

पोलिसांनी त्याला नेलं. पुढे केस झाली, जामीन झाला, तारखा पडत आहेत.

चेलनाने त्या आठवड्यात स्वतःच्या आवाजात एक छोटा व्हिडिओ टाकला. ती बोलली ते एवढंच: मी चेलना. आता माझा आवाज असा आहे. जुन्या आवाजात जे काही ऐकाल, ते मी नाही. त्या नव्या मुलीला छळू नका. आणि ती शिट्टी आमच्या घरच्या कुकरची आहे.

बऱ्याच जणांनी माफी मागितली. कित्येक जण रडले. काही जणांनी लिहिलं, ही बाई खोटी आहे, खरी जाई कुठे आहे ते आम्हाला सांगा. त्यांच्याखाली शेकड्यांनी होकार होते. सातवा भाग आला तेव्हा कोणीतरी त्यात जुना आवाज बसवलाच, आणि तो हजारोंनी उतरवून घेतला. आज या घडीला चेलना नावाची एक नुसत्या आवाजाची बाई कुठल्या कुठल्या खोल्यांमध्ये अनोळखी माणसांच्या कानात बोलते आहे. ती काय बोलते, हे चेलनाला कधीच कळणार नाही.

कुसुमलताबाई आता जळगावलाच असतात, लेकीच्याच घरी, खालच्या मजल्यावर. तरी त्या खालून फोन करतात, भाजी काय टाकू विचारायला. चेलना उचलते आणि थांबते. पलीकडे मम्मीही थांबलेल्या असतात. आधी कोणी बोलायचं, याची दोघींना थोडी भीती वाटते. मग चेलना फोन तसाच हातात धरून जिना उतरते आणि खाली जाऊन स्वतः बघून येते.